कोर्टातून आलेय

दारात उभी राहून मी म्हणाले, कोर्टातून आलेय.
खोटं नव्हतं ते.
मुळेकाकांचं ऑफिस कोर्टाच्या भिंतीला पाठ लावून आहे
आणि सकाळी तिथूनच निघाले होते मी,
टेम्पोनं कंपूपर्यंत, पुढे पायी,
जिन्सी नाला नंबर तीन.

ती घाईनं उठली. इस्त्री उभी केली,
पदर डोक्यावर घेतला, पोराला बाहेर हाकललं,
आणि घरातली एकुलती खुर्ची फडक्यानं पुसून
माझ्याकडे सरकवली.
त्या अर्ध्या वाक्याला दिलेली खुर्ची.
मी बसले.

रामश्री कुशवाह, वय चाळिशीच्या आसपास,
सरकारी साक्षीदार क्रमांक चार.
नऊ फेब्रुवारीच्या रात्री हिनं पाहिलं म्हणे
आमच्या अशिलाला, मुनेशला,
नाल्यावरून पळताना, हातात काहीतरी.
माझ्या पिशवीत वीज कंपनीच्या तक्रारवहीची नक्कल:
खांब क्रमांक सतरा, दिवा बंद,
एक फेब्रुवारीपासून.

असा कागद जवळ असला की प्रश्न आपोआप वाकतो.
विचारायचं होतं, उजेड कसा होता?
विचारलं, अंधारच असेल ना तेव्हा?
शेवटच्या 'ना'वर माणसाची मान हलते,
बावीस वर्षं टाइपरायटरमागून पाहिलंय मी हे.
तिचीही हलली.
"हओ, अँधेरो हतो. चेहरा नईं दिखो.
जो लिखनो होय लिख लो दीदी,
बस थाने मत बुलवइयो फिर से."

लिहून घेतलं. वाचून दाखवलं.
तिनं सही केली, एकेक अक्षर
चढणीवर सायकल ढकलावी तसं.

दौलतगंजात गजक कुटत होते.
दोन माणसं, दोन घण, मध्ये गरम गोळा;
कुटता कुटता तिळाचा तीळ राहत नाही,
आणि जितका कुटाल तितका भाव चढतो.
मी पाव किलो घ्यायला थांबले
आणि पैसे काढताना हाताला तो कागद लागला.
थाने, म्हणाली होती ती.
तिला वाटलं, मी बोलावू शकते.
मी वाटू दिलं.

परत गेले तेव्हा ती कुणाच्या तरी
शाळेच्या शर्टाची कॉलर दाबत होती.
मी दारातूनच सांगितलं:
मी कुमुद सुर्वे. मुनेशच्या वकिलाकडची.
पोलिसांची नाही, कोर्टाचीही नाही.
माझ्याशी बोलायलाच हवं असं काही नाही.
मघाचा कागद हा घे. ठेव, नाहीतर फाड.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.
दोन घरं पलीकडे त्या मेलेल्या मुलाची आई
पापड वाळत घालत होती, तिच्याकडे पाहिलं.
मग कागद चुलीत घातला,
शांतपणे, सरपण घालावं तसा.
खुर्ची उचलून आत नेली.
आतूनच म्हणाली,
"खंबा तो बंद हतो.
पर हलवाई की भट्टी जल रई हती."
पुढे काही दिसलं का, नाही दिसलं,
ते मी विचारलं नाही. दार लागलं होतं,
आणि खरं सांगायचं तर
ते लागलं याचं बरंच वाटलं.

मुळेकाकांना सगळं सांगितलं, भट्टीसकट.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पुसला. म्हणाले,
"उलटतपासणीत खांबाचं विचारू. तेवढंच."
कायद्यानं त्यात काही वावगं नाही.
आपण सरकार पक्षाची भट्टी का पेटवायची?
"कागद जाळू दिलास?" "हो."
मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत,
तारखांची डायरी चाळत राहिले.

बाहेर बाकावर मुनेशची आई.
दर मंगळवारी सेंट्रल जेलमधून थेट इथे येते,
हातावर मुलाकातीचा जांभळा शिक्का.
बेटी, मिली वो?
मिली, म्हणाले मी.
ती बाकावर सरकली, पदरानं जागा पुसली.

मी उभीच राहिले,
हातात गजक, अजून कोमट.